का विकताय?

आई, तुला एक जाहिरात वाचून दाखवायची आहे. "पांढरी गाडी, नऊ वर्षं एकाच हातात, गाव मेढा. मागचा बंपर गोठ्याच्या खांबाला दोनदा घासलाय. बघायला दिवसा या." एवढीच. ना शोरूम कंडिशन, ना अर्जंट सेल, ना डॉक्टरांनी वापरलेली. गेल्या काही महिन्यांत मी मोबाइलवर अशा शेकडो जाहिराती वाचल्या, पण हिच्यापाशी अंगठा थांबला. गोठ्याच्या खांबाचे शब्द तू फुकट छापले असतेस. मी फोन केला, पुढच्या रविवारी आम्ही मेढ्याला गेलो, आणि आता ती गाडी साताऱ्यात आमच्या इमारतीखाली उभी आहे. पण तुला सांगायचं आहे ते हिच्याबद्दल नाही. हिच्या आधी मी एक गाडी घेतली होती. ती कुठेच उभी नव्हती.

तुझी खिडकी मला अजून जशीच्या तशी दिसते. सांगलीच्या पेठेतलं ते पेपरचं ऑफिस, आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत छोट्या जाहिरातींची तुझी खिडकी. शाळा सुटली की मी तुझ्या मागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. हळदीचा हंगाम असला की बाजारातली माणसं कपड्यांवर हळद घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत खिडकीची फळी पिवळी व्हायची. ती तू रोज पुसायचीस आणि रोज कुरकुरायचीस. माणूस कागद पुढे सरकवतो, शब्दागणिक पैसे म्हणून तू पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवत जातेस, आणि शेवटच्या शब्दावर आलीस की मान वर करून विचारतेस, "का विकताय?" माणसं गडबडतात. जाहिरात घेणाऱ्या बाईला या चौकशा कशाला? कुणी चिडतं, कुणी हसतं, पण सांगतात सगळे. एक गृहस्थ स्कूटर विकायला आले होते. "आता सुरू व्हायला जरा धक्का द्यावा लागतो," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. तू लगेच ते वाक्य त्यांच्या कागदावर लिहिलंस. ते म्हणाले, "अवो बाई, मग घेईल कोण? आणि वर शब्द वाढवलं तुमी." तू म्हणालीस, "खऱ्या शब्दाचं पैसं न्हाईत. त्ये माज्याकडनं." ऑफिसात असा काही नियम नव्हता. ते शब्द तू तुझ्या पदरचे घालत होतीस, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ती स्कूटर मात्र दुसऱ्याच दिवशी गेली. घेणारा ती ढकलतच घेऊन गेला असणार.

हा प्रश्न तू सगळ्यांना विचारायचीस, फौजी सोडून. अण्णा तेव्हा फौजेत, वरती सरहद्दीकडे कुठे कुठे असायचे. वर्षातून एकदा यायचे, आणि आले की दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. त्यांचं पत्र आलं की तू ते घरी वाचायची नाहीस, खिडकीत वाचायचीस, कारण तिथे तुझ्या सासूबाई नव्हत्या आणि मला अजून सगळं कळत नव्हतं. खिडकीसमोर हिरवी पिशवी खांद्याला लावलेला, बारीक केस कापलेला कुणी उभा राहिला की तुझा चेहराच बदलायचा. त्याला आत बोलावून तू पाणी द्यायचीस. आणि का विकताय हे त्याला विचारायच्या ऐवजी उत्तरच त्याच्या हातात द्यायचीस. "बदली झाली आसंल, न्हवं?" तो म्हणायचा, "व्हय, वैनी." की झालं. पेन्सिल पुढे चालायला लागायची.

मी दहावीत होते तेव्हा असाच एक जण आला. मोटारसायकल विकायची होती. हिरवी पिशवी, बारीक केस, सगळं होतं. तू पाणी दिलंस, बदली झाली असेल म्हणालीस, तो हो म्हणाला. दोन-तीन आठवड्यांनी मिरजेचा एक तरुण शिंपी खिडकीशी येऊन उभा राहिला. हातात तुझ्या जाहिरातीचं कात्रण होतं. मोटारसायकल चोरीची निघाली होती आणि पोलीस ती त्याच्या दुकानासमोरून घेऊन गेले होते. नुकतं लग्न झालेला माणूस, शिवलेले कपडे आसपासच्या गावांत पोचवायला म्हणून त्यानं ती घेतली होती. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "ताई, तुमच्या पेपरात आलं होतं म्हणून घेतली." मग तुला साहेबांनी आत बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. "माणूस बघून जाहिरात घेत चला, बाई." बाहेर आलीस आणि फळी पुसत बसलीस. हळदीचा हंगाम केव्हाच संपला होता.

त्या संध्याकाळचं स्वयंपाकघर मी विसरायला पुष्कळ बघितलं. तू भाकरी थापते आहेस, मी ओट्याला टेकून उभी आहे. दुपारपासून मला तुझी लाज वाटते आहे, आणि लाजेचा कधी राग झाला ते माझं मला कळलेलं नाही. मी म्हणाले, "वर्दी दिसली की तू अक्कल गहाण टाकतेस. दिसेल त्या फौजीत तुला अण्णाच दिसतात. ते इथे नाहीत, आई. जरा डोळे उघड." मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मी तयारीत होते. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तू उलटलीस आणि म्हणालीस, "व्हय. दिसत्यात." बस्स. करपलेली भाकरी तू तुझ्या ताटात घेतलीस आणि मला चांगली वाढलीस. मी जिंकले असं समजून मी ती खाल्ली. अशी निर्लज्ज होते मी.

त्यानंतर तू आपले सगळे कपडे त्या शिंप्याकडे शिवायला टाकू लागलीस. गल्लीत दोन शिंपी असताना कापडाची पिशवी घेऊन बसनं मिरजेला जायचीस. माझा शाळेचा ड्रेस, अण्णांचे पायजमे, उशांचे अभ्रे, काहीही. पेठेतल्या बायकांनाही त्याच्याकडेच पाठवायचीस. पुढे त्याचं दुकान मोठं झालं, हाताखाली माणसं आली, तरी तुझा ब्लाऊज तो स्वतः कापायचा. माझ्या लग्नातलंही त्यानंच शिवलं आणि घरी आणून दिलं. "आता पुरे की, ताई," तो हसत म्हणाला होता. तू नुसती त्याला चहा ठेवायला उठलीस. तुझं पुरं झालं नव्हतं. माझं तर सुरूही झालं नव्हतं. शेवटच्या आजारपणात आठ दिवस मी तुझ्या उशाशी बसून होते. तुला पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचून दाखवायची आणि तू डोळे मिटून म्हणायचीस, "ह्यो खोटं बोलतोय." आपण हसायचो. त्या आठ दिवसांत स्वयंपाकघरातलं ते वाक्य मागे घ्यायला मला कितीतरी वेळा सवड मिळाली. मी घेतलं नाही. तुला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

आता अण्णांचं सांगते. मूत्रपिंडं थकली आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना गावाहून, पाटणहून, साताऱ्याला डायलिसिसला यावं लागतं. येताना एसटीत ताठ बसून यायचे, जाताना मात्र खिडकीच्या गजाला डोकं टेकलेलं असायचं. माझ्याकडे राहा म्हटलं की म्हणतात, "फौजी मानूस लेकीच्या दारात तळ ठोकत न्हाई." म्हणून गाडी घ्यायची ठरवली. त्यांना काही न बोलता गाडी घेऊनच पाटणला जायचं, दारात उभी करायची आणि म्हणायचं, बसा. पन्नाशीत मी गाडी चालवायला शिकले ती एवढ्यासाठीच. आमच्या ह्यांना चालवता येत नाही आणि शिकायचंही नाही, त्यांचं काम शेजारी बसून ब्रेक दाबायचं. नवीन गाडी झेपणारी नव्हती, म्हणून मोबाइलवरच्या जाहिराती.

शाळेत मुलांना मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल शिकवणारी मीच आहे, हे तुला ऐकून गंमत वाटेल. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, मुलांकडून म्हणून घेते. गाडी शोधायला लागले तेव्हा तशीच एक यादी करून फ्रिजवर चिकटवली होती. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघायचा. गाडीवर बँकेचं कर्ज आहे का, विचारायचं. आपला मेकॅनिक बरोबर न्यायचा. आणि सगळ्यात खाली, तुझ्या आठवणीनं: का विकताय? यादी चांगली होती. पैसे पाठवले तेव्हा मी त्या यादीसमोरच उभी होते.

फोटोत गाडी छान होती, किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. फोन केला तर पलीकडून आवाज आला, "नमस्कार ताई, हवालदार बोलतोय. मी पण आपल्या सातारचाच." त्याच्या मागे शिट्ट्या ऐकू येत होत्या, कवायतीचा आवाज येत होता. त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला, वर्दीतला. गाडी छावणीच्या आत आहे, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, पण फौजेच्या ट्रकमधून तुमच्या दारात पोचेल, फक्त आधी थोडे पैसे भरावे लागतील. मी भरले. मग गेटपासचे भरले. मग वाहतुकीच्या विम्याचे भरले. हे म्हणाले, "अगं, बघितल्याशिवाय?" मी त्यांच्यावरच खेकसले, "फौजी माणूस आहे तो. सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका." आई, दुसऱ्या कुणी, समजा एखाद्या दुकानदारानं, हेच सांगितलं असतं तर मी पहिल्या मिनिटाला फोन ठेवला असता. आपल्याकडे घरटी एक माणूस फौजेत. कुठल्या माणसांना काय बोलून लुटायचं, ते त्या चोराला बरोबर ठाऊक होतं. प्रत्येक वेळी फोन ठेवताना तो म्हणायचा, "जय हिंद, ताई." अण्णा फोन ठेवताना तसंच म्हणतात.

शनिवारी सकाळी गाडी येणार होती. मी हार आणला, नारळ आणला, खाली गाडी लावायची जागा झाडून घेतली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. वॉचमनला सांगून ठेवलं होतं, ट्रक आला की सरळ आत घ्या. अकरा वाजता फोन केला, नंबर बंद. बारा वाजता पुन्हा केला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा वॉचमन म्हणाला, "म्याडम, सावलीत तरी बसा. आला ट्रक की हाक मारतो की." मला तेव्हा कळून चुकलं होतं, पण हात खाली करवेना, कारण हातात हार होता. संध्याकाळी तो हार तुझ्या फोटोला घातला. ह्यांना वाटलं, तुझी आठवण आली. तीही आली होती.

अण्णांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. पाटणच्या घरी, पडवीत, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कारड दाव." मोबाइल हात लांब करून धरला, चष्मा वर सारला आणि लगेच म्हणाले, "ह्ये कारड न्हवं. टोपीवरचा बिल्ला बघ. डाव्या डोळ्यावर पायजे, ह्येचा उजव्यावर आलाय. अशी टोपी घालून कोन हुबा ऱ्हाईल गं?" मग मोबाइल माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले, "मला का न्हाई दावलंस?" एका मिनिटाचं काम होतं. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, ज्यांच्या नावावर मी विश्वास टाकला, त्यांना फक्त विचारायचं राहिलं.

तेव्हा मी त्यांना तुझ्या मोटारसायकलची हकिगत सांगितली. का सांगितली कोण जाणे. बहुतेक मी एकटीच मूर्ख नाही, असं दाखवायचं होतं. त्यांना ती माहीतच नव्हती. "मला कवा लिवलं न्हाई तिनं," म्हणाले. हातावरच्या सुयांच्या खुणांवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "म्हंजे माज्यामुळं फसलात व्हय गं तुमी दोगी?" मी म्हणाले, छे, काहीतरीच काय अण्णा. पण आई, त्यांनी ते वाक्य ज्या आवाजात विचारलं, तो आवाज माझ्या कानातून जात नाही. पैसे गेल्याचं मला दुःख नाही असं नाही, पण ते या दुःखाच्या पासंगालाही पुरत नाही. त्या दिवसापासून ते फोन ठेवताना "ठेवतो गं" म्हणतात. "जय हिंद" म्हणत नाहीत. मला वाईट वाटेल म्हणून ते टाळतात, आणि ते टाळतात म्हणूनच मला रडू येतं.

मेढ्याची गाडी बघायला मी त्यांना बरोबर नेलं. भाड्याची जीप केली, सकाळी लवकर पोचलो. मालक सत्तरीचे. अंगणात गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी गाडीकडे बघायच्या आधी विचारलं, "का विकताय?" माझा आवाज जरा चढलेला असावा, कारण ते उठून उभेच राहिले. "आवं, दिसत न्हाई आता," ते म्हणाले. "डागदर म्हनला, आता चालवाय घ्याची न्हाई. खांब दिसला न्हाई मला. दोनदा." त्यांनी आम्हाला मागे नेऊन बंपरवरच्या खुणा हात लावून दाखवल्या, आणि मग गोठ्याचा खांबही दाखवला. अण्णांनी दारं उघडून बघितली, सीटचे पट्टे पार शेवटपर्यंत ओढून त्यांना कुठे पुराचा चिखल लागलाय का ते बघितलं, मेकॅनिकला खाली वाकायला लावून नंबर वाचायला सांगितला आणि स्वतः आरसी बुकातला एकेक आकडा पेन्सिलीनं टेकवत गेले. ती पेन्सिल बघून मला तोंड फिरवावं लागलं. परत येताना गाडी मी चालवत होते, अण्णा मागे आडवे झाले आणि घाटाखाली उतरेपर्यंत झोपले. त्यांना असं निवांत झोपलेलं मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. हे मात्र शेजारी बसून ब्रेक दाबत होते.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. लिहून झालं की घडी घालून गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवीन, आरसी बुकाच्या आणि विम्याच्या कागदांच्या खाली. तिथे कुणी हात घालत नाही. एक गोष्ट राहिली आहे, आणि ती मी ह्यांनाही सांगितलेली नाही, अण्णांनाही नाही. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेताना तिथल्या बाईंनी विचारलं, "गाडी विकण्याचं त्यानं कारण काय सांगितलं?" मी म्हणाले, "बदली झाली म्हणून." त्यांनी तसं लिहिलं, मी खाली सही केली. ते खोटं आहे. त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. मी त्याला तुझा प्रश्न विचारला होता, अगदी तुझ्यासारखाच, का विकताय म्हणून. तो गप्प झाला. चांगला गप्प झाला, आई. मागच्या शिट्ट्याही थांबल्या. तेवढ्यात मला कळायला हवं होतं, आणि थोडंसं कळलंही होतं. पण मला ती शांतता सोसेना. मीच म्हणाले, "बदली झाली असेल, नाही का?" तो म्हणाला, "हो, ताई. बदलीच." त्या क्षणी मला फोनच्या पलीकडे अण्णाच दिसत होते, तरणे, खांद्याला हिरवी पिशवी लावलेले, कुठल्या तरी लांबच्या स्टेशनात उभे. त्या संध्याकाळी मी सुनावल्यावर तू भाकरी उलटता उलटता लगेच व्हय म्हणालीस. मला तेवढं म्हणायला इतकी वर्षं लागली. व्हय, आई. दिसत्यात.